युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरकडे पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचून घ्या

युनिव्हर्सिटीत काउन्सेलिंग सेंटर आहे हे ओरिएंटेशनच्या दिवशी सगळ्यांना सांगतात, पण त्या दिवशी लायब्ररीपासून फायर ड्रिलपर्यंत इतकं काही सांगतात की ते कुणाच्याच डोक्यात राहत नाही. मग सेमिस्टरच्या मध्येच कधीतरी झोप उडते, लेक्चरला जाववत नाही, फोन आला तरी उचलावासा वाटत नाही, आणि मग रात्री दोन वाजता माणूस युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर ते पान शोधत बसतो. मी मास्टर्स करताना या सगळ्यातून गेलेय आणि नंतर तिथेच पीअर व्हॉलंटिअर म्हणून कामही केलं, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू थोड्याफार बघून झाल्यात. त्यातून मला एक पक्कं पटलंय, ही सेवा वापरून घ्यावी लागते. नुसतं जाऊन बसलं की आपोआप बरं वाटेल अशा हिशोबाने गेलेली मुलं दोन सेशननंतर 'काही उपयोग नाही रे' म्हणत बंद करतात. वापरायची कशी ते खाली लिहिलंय. प्रत्येक युनिव्हर्सिटीचे नियम वेगळे असतात, त्यामुळे जिथे 'विचारून घ्या' म्हटलंय तिथे खरंच विचारा.

आणि सुरू करायच्या आधी एक. आत्ता या क्षणी स्वतःला इजा करावी, जीव द्यावा असे विचार येत असतील तर हा लेख नंतर वाचा. तुम्ही जिथे आहात तिथला इमर्जन्सी नंबर किंवा क्रायसिस हेल्पलाइन लावा, नाहीतर जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आणि कुणालातरी सोबत घ्या, एकटं राहू नका. याला अपॉइंटमेंट लागत नाही.

१. 'माझं तेवढं सिरियस नाहीये' हा हिशोब सोडा

मुलं का जात नाहीत याचं मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण लाज हे नाहीये. 'माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली मुलं असतील, मी त्यांची जागा कशाला अडवू' हे आहे. ऐकायला चांगलं वाटतं, पण याच विचाराने माणूस तीन महिने थांबतो आणि मग खरंच वाईट अवस्थेत पोचतो. सेंटरला येणारी बहुतेक मुलं ब्रेकअप, गाईडशी न पटणं, रूममेटची भांडणं, परीक्षेच्या आधी हातपाय गार पडणं, घरातलं कुणी जाणं, चुकीची ब्रँच घेतली असं वाटणं, असल्याच गोष्टी घेऊन येतात. काउन्सेलरचं रोजचं काम हेच आहे.

शिवाय वयाचाही भाग आहे. रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक मोठा सर्व्हे २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे नेमकं डिग्रीचं वय. युनिव्हर्सिट्यांना हे आज कळलंय असंही नाही, प्रिन्स्टनने विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्याची सेवा १९१० मध्येच सुरू केली होती, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

माझं साधं माप सांगते. झोप, भूक, अभ्यास, माणसांशी बोलणं, यातलं काहीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त बिघडलेलं असेल तर अपॉइंटमेंट घ्या. नंतर बरं वाटलं तर कॅन्सल करता येते. आणि शक्यतो सेमिस्टरच्या सुरुवातीला घ्या, परीक्षा जवळ आली की तिथे नुसती झुंबड असते.

२. कोण काय करतं ते माहीत करून घ्या

सेंटरच्या दारावर पाच-सहा पाट्या असतात आणि नवीन माणसाला त्या सगळ्या सारख्याच वाटतात.

काउन्सेलर किंवा समुपदेशक तुमच्याशी बोलून काम करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हेही बोलूनच काम करतात पण त्यांचं ट्रेनिंग आजार ओळखणं, टेस्टिंग करणं याचंही असतं, उदाहरणार्थ एडीएचडी (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही अशी अवस्था) आहे का हे नीट तपासायचं असेल तर ते करतात. सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर, गोळ्या लिहून देणं हे त्यांचं काम. काउन्सेलरकडे जाऊन 'मला झोपेची गोळी द्या' म्हटलं तर ते देऊ शकत नाहीत, ते तुम्हाला पुढे पाठवतील.

बऱ्याच सेंटरमध्ये ट्रेनीही असतात, म्हणजे डिग्रीचं शेवटचं वर्ष चालू असलेले. नाव ऐकून नाक मुरडू नका. त्यांच्यावर सिनिअरची देखरेख असते, प्रत्येक केसवर चर्चा होते, आणि त्यांच्याकडे वेळही जास्त असतो. फक्त ते कधी कधी सेशन रेकॉर्ड करायला परवानगी मागतात, सिनिअरला दाखवायला. ती द्यायची की नाही हे पूर्ण तुमच्यावर आहे, नाही म्हटलं म्हणून सेशन मिळणार नाही असं असेल तर ते आधीच स्पष्ट विचारा.

आता यातला ट्रॅप. डिपार्टमेंटने नेमून दिलेले मेंटॉर, हॉस्टेलचे वॉर्डन, आवडते सर किंवा मॅडम हे काउन्सेलर नाहीत. माणसं चांगली असतात, त्यांच्याशी बोला जरूर, पण काउन्सेलरवर गुप्ततेचं जे बंधन असतं ते त्यांच्यावर नसतं, आणि पुष्कळ ठिकाणी काही ठराविक गोष्टी कानावर आल्या तर वर कळवणं त्यांना भागच असतं. त्यामुळे त्यांना किती सांगायचं हे तोंड उघडायच्या आधी ठरवा.

३. बरोबर काय काय लागतं

- स्टुडंट आयडी किंवा एनरोलमेंट नंबर
- चालू आठवड्याचं टाइमटेबल, नाहीतर रिसेप्शनवर स्लॉट विचारतात आणि आपण 'बघून सांगते' म्हणतो आणि स्लॉट जातो
- सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस, थायरॉइड, ॲलर्जी, गर्भनिरोधक सगळं धरून
- आधी कुठे ट्रीटमेंट झाली असेल तर जुनं प्रिस्क्रिप्शन किंवा समरी
- अडीअडचणीला फोन करायचा असा एक माणूस, त्याचा नंबर. आई-वडीलच हवेत असं नसतं, ज्याचं नाव द्याल त्याला तसं सांगून मात्र ठेवा
- हेल्थ इन्शुरन्स असेल तर त्याचा कागद. सेंटरच्या आत बहुतेक ठिकाणी फुकट असतं, पण बाहेर रेफर केलं तर याची गरज पडते
- आणि एक अर्ध्या पानाची चिठ्ठी, तिच्याबद्दल सातव्या पायरीत सांगते

४. अपॉइंटमेंट आणि ती कुप्रसिद्ध वेटिंग लिस्ट

फोन, ऑनलाइन फॉर्म, प्रत्यक्ष जाऊन, यातला कुठलातरी मार्ग असतो. फॉर्ममध्ये 'येण्याचं कारण' असा रकाना असतो आणि तिथे बहुतेक मुलं 'स्ट्रेस' एवढंच लिहितात. यामुळे तुमचंच नुकसान होतं, कारण कुणाला लवकर बोलवायचं हे तो रकाना वाचून ठरतं. 'तीन आठवडे रोज तीन-चार तासच झोप, दोन सबमिशन चुकली, जेवण निम्म्यावर आलंय' असं लिहा. वाढवून लिहू नका, पण पॉलिशही करू नका.

वाट का बघावी लागते? कारण माणसं कमी असतात. युनिव्हर्सिटी काउन्सेलिंग सेंटरना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची बरीच वर्षं शिफारस राहिलीय की साधारण १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ काउन्सेलर असावा. आपल्या युनिव्हर्सिटीतली मुलं किती आणि काउन्सेलर किती हा भागाकार करून बघा, रिसेप्शनवरच्या बाईंवर चिडण्यात अर्थ नाही हे लगेच कळेल.

पण वेटिंगवर आहोत म्हणजे हात बांधून बसायचं असं नाही. रिसेप्शनला हे चार प्रश्न विचारा. कॅन्सल झालेल्या स्लॉटच्या यादीत माझं नाव टाकता का? (आयत्या वेळी फोन आला तर पंधरा मिनिटात पोचता येईल असं सांगा, या यादीतून खूप लवकर नंबर लागतो आणि कुणी विचारतच नाही.) आज भेटता येईल असा वॉक-इनचा वेळ आहे का? ग्रुप सेशन किंवा वर्कशॉप कुठली चालू आहेत? रात्री-अपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा? ग्रुपचं नाव काढलं की सगळे मागे सरकतात, अनोळखी लोकांसमोर कोण बोलणार म्हणून, पण परीक्षेची भीती, टाळाटाळ, लोकांसमोर बोलायची धास्ती यासाठी ग्रुप मस्त चालतो, कारण समोर तेच भोगणारी आठ माणसं बसलेली असतात, आणि त्याला सहसा वेटिंगही नसतं.

ईमेलवर मात्र तब्येतीचं सगळं रामायण लिहू नका. एक तर तो इनबॉक्स रात्री कुणी बघत नसतं, आणि दुसरं म्हणजे युनिव्हर्सिटीचा ईमेल हा युनिव्हर्सिटीच्या मालकीचा असतो. ईमेल फक्त वेळ ठरवायला.

५. प्रश्नावली: खरं लिहा, पाठ करून लिहू नका

पहिल्या भेटीच्या आधी एक-दोन प्रश्नावल्या भरायला देतात. बहुतेक वेळा त्यात पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन असतात. पहिली नैराश्यासाठी, ९ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. ५, १०, १५, २० या त्यातल्या पायऱ्या, १० किंवा त्याच्या वर गेलं की काउन्सेलर जास्त बारकाईने बघतात. दुसरी चिंतेसाठी, ७ प्रश्न, एकूण २१. रॉबर्ट स्पिट्झर आणि कर्ट क्रोएन्के यांच्या टीमने तयार केलेल्या, पहिली २००१ साली आणि दुसरी २००६ साली प्रसिद्ध झाली, आणि आता जगभर दवाखान्यांमधून वापरतात.

या नुसत्या चाळण्या आहेत. १७ मार्क आले म्हणजे तुम्हाला नैराश्याचा आजार आहे असं सर्टिफिकेट मिळालं असं नाही, आणि ४ आले म्हणून 'तुला काही झालेलं नाही' म्हणून कुणी परत पाठवत नाही. यांचा खरा उपयोग पुढे होतो, दीड महिन्याने परत तीच भरली की आकडा हलला का ते दिसतं. म्हणून प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे भरा.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात का असा आहे. इथे खूप जण घाबरून शून्यावर टिक करतात, की खरं लिहिलं तर घरी फोन जाईल, हॉस्टेलमधून काढतील. विचार येणं हे काउन्सेलर रोज ऐकतात. खरं लिहिलं तर ते तुम्हाला आणखी प्रश्न विचारतील, किती वेळा येतात, काही ठरवलंय का, हाताशी काही साधन आहे का, आणि बहुतेक वेळा बसून तुमच्यासोबत एक सेफ्टी प्लॅन लिहून काढतील. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी तयार केलेला हा कागद फार कामाचा आहे. कुठल्या खुणा दिसल्या की आपलं बिघडायला लागलंय हे ओळखायचं, स्वतः काय करायचं, कुठे जायचं की डोकं दुसरीकडे जाईल, कुणाची मदत मागायची, कुठल्या प्रोफेशनलना फोन करायचा, आणि धोक्याची वस्तू आपल्यापासून लांब कशी ठेवायची, अशा सहा पायऱ्या. फोनमध्ये फोटो काढून ठेवा. वेळ येते तेव्हा डोकं चालत नसतं.

६. गुप्तता: कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) खरंच वाचा

ॲपच्या अटी आपण न वाचता 'मान्य' दाबतो, हा कागद तसा सही करू नका. कुठली गोष्ट खोलीबाहेर जाणार नाही आणि कुठली जाऊ शकते हे यात लिहिलेलं असतं.

साधारण चित्र असं. तुम्ही येताय हे प्रोफेसरना, डिपार्टमेंटला कळवलं जात नाही, सेशनच्या नोट्स मार्कशीटच्या फाइलमध्ये जात नाहीत, आणि तुम्ही कायद्याने सज्ञान असाल तर सहसा आई-वडिलांनाही तुमच्या परवानगीशिवाय सांगत नाहीत. अपवाद असतात, आणि ते जवळजवळ सगळीकडे सारखेच: तुमच्या जिवाला तातडीचा धोका, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार होत असल्याची माहिती, आणि कोर्टाचा आदेश.

दुसऱ्याच्या जिवाचा जो अपवाद आहे त्याच्या मागे एका युनिव्हर्सिटीतलीच केस आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या बर्कली कॅम्पसमधल्या एका विद्यार्थ्याने, एका मुलीला मारायचा आपला इरादा आहे असं युनिव्हर्सिटीच्याच दवाखान्यातल्या सायकॉलॉजिस्टला सांगितलं. सायकॉलॉजिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं, पण त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच काही सांगितलं नाही, आणि पुढे तिचा खून झाला. तारासॉफ खटला म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ज्याला धोका आहे त्याचं संरक्षण करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. जगभर काउन्सेलिंगच्या कोर्समध्ये हे शिकवतात. त्यामुळे काउन्सेलर 'काही अपवाद आहेत' म्हणाले की ते तुम्हाला अडकवायला बघतायत असं समजू नका. आणि रागाच्या भरात 'जीव घेईन त्याचा' असं तोंडातून निघालं म्हणून लगेच कुणी पोलिसांना फोन लावत नाही, आधी ते तुमच्याशीच नीट बोलतात.

सही करायच्या आधी विचारून घ्यायचं: नोट्स कोण बघू शकतं, किती वर्षं ठेवतात, मला बघायला मिळतील का, आणि स्कॉलरशिपवाल्यांनी किंवा डीन ऑफिसने विचारलं तर तुम्ही काय उत्तर देता. चांगला काउन्सेलर यातल्या कुठल्याच प्रश्नाने चिडत नाही.

७. पहिलं सेशन

सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं. पहिल्याला इनटेक म्हणतात आणि त्यात मुख्यतः माहितीच विचारतात, घर, अभ्यास, झोप, आधीचे आजार, दारू-सिगारेट, औषधं. म्हणून पहिल्या दिवशी हलकं वाटेलच असं नाही, काहींना तर बाहेर आल्यावर जास्तच थकल्यासारखं होतं, उगाच सगळं उकरून काढलं असं वाटतं. त्यामुळे सेशननंतर लगेच टेस्ट किंवा प्रेझेंटेशन ठेवू नका, तासभर मोकळा ठेवा.

बऱ्याच ठिकाणी इनटेक घेणारा माणूस वेगळा आणि पुढे भेटणारा काउन्सेलर वेगळा असतो. हे आधी माहीत नसलं की फार चिडचिड होते, परत पहिल्यापासून सांगायचं म्हणून. 'पुढे मला तुम्हीच भेटणार का' हे सुरुवातीलाच विचारा, म्हणजे किती खोलात जायचं ते ठरवता येतं.

आता ती चिठ्ठी. आत गेलं की 'काय झालंय' विचारतात आणि आपलं डोकं एकदम कोरं होतं, किंवा मग आपण पस्तीस मिनिटं रूममेटच्या तक्रारी सांगतो आणि खरं ते उठता उठता, दाराशी जाऊन बोलतो. काउन्सेलर लोकांना हे इतकं ओळखीचं आहे की ते शेवटची पाच मिनिटं कान टवकारूनच असतात, पण तोपर्यंत वेळ संपलेली असते. म्हणून चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहा: काय होतंय आणि कधीपासून, त्याने रोजचं काय काय अडतंय, आणि इथून मला काय हवंय. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. 'मला बरं वाटायला हवंय' यावर कुणालाच काम करता येत नाही. 'मला व्हायवाला बसता आलं पाहिजे', 'घरी कोर्स बदलायचं सांगायचंय आणि ते कसं सांगू कळत नाहीये', 'रात्री एकच्या आत झोप लागायला हवी', यावर येतं. तोंडाने बोलता येत नसेल तर चिठ्ठी सरळ त्यांच्या हातात द्या, चालतं.

रडू आलं तर येऊ दे, टिश्यूचा डबा तिथे त्यासाठीच असतो. मध्येच शांतता पसरली तर ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर 'यावर आज नको' एवढं बस आहे. काउन्सेलर पुरुष हवा की बाई, आपल्या भाषेत बोलणारं कुणी आहे का, हेही मागता येतं, मिळेलच असं नाही, पण मागायला काय जातंय.

ऑनलाइन सेशन असेल तर हेडफोन, दार बंद होणारी खोली, आणि तुम्ही नेमके कुठे आहात तो पत्ता. पत्ता दर वेळी विचारतात, काही झालंच तर मदत कुठे पाठवायची म्हणून. सुट्टीत दुसऱ्या राज्यात किंवा देशात जाणार असाल तर आधीच सांगा, लायसन्सच्या नियमांमुळे काही काउन्सेलरना तिथे असलेल्या माणसाचं सेशन घेता येत नाही.

८. मधली सेशन्स

काही सेंटरना सेशनची मर्यादा असते. किती मिळणार ते पहिल्याच दिवशी विचारा, म्हणजे सहा मिळणार असतील तर बालपणापासून सुरुवात करायची नाही हे दोघांनाही कळतं.

पुष्कळ काउन्सेलर सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) पद्धतीने काम करतात, जिचा पाया सायकियाट्रिस्ट ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात घातला. यात होमवर्क असतं. एखादा प्रसंग घडला, डोक्यात काय विचार आला, मग कसं वाटलं, आपण काय केलं, आणि त्याच प्रसंगाकडे दुसऱ्या नजरेने कसं बघता येईल, असं लिहून आणायचं. शाळेसारखं वाटतं, कबूल आहे, पण आठवड्याचे १६८ तास आणि त्यातला एकच तिथे, बाकीच्या १६७ तासांत काही केलं नाही तर त्या एका तासाने काय होणार. होमवर्क झालं नसेल तरी जा. 'झालं नाही' हाही बोलायचा विषय आहे, का झालं नाही यातच बऱ्याचदा मूळ सापडतं.

न सांगता दांडी मात्र मारू नका, कित्येक सेंटरमध्ये दोन वेळा तसं केलं की नाव परत वेटिंगच्या तळाशी जातं.

९. काउन्सेलरशी सूर जुळत नसेल तर

एडवर्ड बोर्डिन नावाच्या सायकॉलॉजिस्टने १९७९ साली मांडलं होतं की थेरपिस्ट आणि क्लायंट यांचं काम तीन गोष्टींवर उभं असतं, कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातलं नातं. जमत नाहीये असं वाटलं की या तिन्हीतलं नेमकं काय बिनसलंय ते बघा. ध्येयच वेगळं असेल (तुम्हाला कोर्स सोडायचाय, ते टिकून राहायच्या युक्त्या सांगतायत) किंवा पद्धत पटत नसेल तर ते सरळ बोलून सुधारतं: 'तुम्ही श्वासाचे व्यायाम सांगता, मला त्याने फरक पडत नाहीये, दुसरं काही करून बघूया का?' नातंच जमत नसेल, ऐकून घेतात असं वाटतच नसेल, तर दोन-तीन सेशन देऊन बघा आणि मग रिसेप्शनला काउन्सेलर बदलून मागा. कारण सांगावं लागत नाही, कुणी मनाला लावून घेत नाही.

पण काही गोष्टींसाठी दोन-तीन सेशनही थांबायचं नाही. तुमच्या जातीवर, धर्मावर, लैंगिकतेवर शेरे मारणं, 'हे सगळं तुझ्या डोक्यातलं आहे' म्हणणं, तुमच्याशी वैयक्तिक मैत्री वाढवायला बघणं, तुमची गोष्ट दुसऱ्याला सांगितल्याचं कळणं. सेंटरच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार करा, तारखा टाकून.

१०. पत्रं, मुदतवाढ, सुट्टी

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. काउन्सेलरने पत्र दिलं की परीक्षा पुढे जाते असं नसतं. बहुतेक काउन्सेलर 'हा विद्यार्थी अमुक तारखेपासून सेवा घेतोय' एवढंच लिहितात. निदान लिहून हवं असेल तर ते सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टकडून, आणि परीक्षेत जास्त वेळ, वेगळी खोली अशा सवलती बऱ्याचदा दिव्यांग विद्यार्थी कक्षातून मिळतात, तो अर्ज वेगळा, त्याची मुदत वेगळी. आणि मागच्या तारखेचं पत्र? ते जवळजवळ कुणीच देत नाही. परीक्षा बुडाल्यावर पहिल्यांदा सेंटरला जाऊन 'मला मागच्या महिन्यापासून त्रास होता असं लिहून द्या' म्हटलं तर त्यांनी तेव्हा तुम्हाला बघितलेलंच नसतं, ते काय लिहिणार. त्रास सुरू झाल्यावर लगेच जाण्याचा हा अगदी व्यवहारी फायदा.

पत्र घेताना त्यात काय लिहिलंय ते आधी वाचायला मागा, आणि 'कुठल्या कारणासाठी, कुणाला' हे त्यात असू द्या. मोघम पत्र फिरत राहतं. सेमिस्टर ड्रॉप करायचा विचार असेल तर फी, हॉस्टेल, व्हिसा, स्कॉलरशिप या चारही ठिकाणी काय परिणाम होतो आणि परत येताना फिटनेसचा कागद लागतो का हे काउन्सेलरसोबत बसून लिहून काढा, अर्ज त्यानंतर.

११. गोळ्यांबद्दल थोडंसं

काउन्सेलरने सायकियाट्रिस्टकडे पाठवलं म्हणजे तुमची केस हाताबाहेर गेली असं मुळीच नाही. नैराश्यासाठी आणि चिंतेसाठी सहसा एसएसआरआय प्रकारच्या (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या) गोळ्या देतात, आणि त्यांची गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर) की मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे साइड इफेक्ट आधी येतात आणि फायदा दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात 'ही गोळी मला सूट होत नाही' म्हणून आपल्या आपण बंद करणारे ढीगभर. तसं करू नका, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटायला लागल्यावर एकदम बंद करणंही वाईट, डोस हळूहळू उतरवावा लागतो. पंचवीस वर्षांखालच्यांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत किंवा डोस बदलल्यावर जीव द्यायचे विचार वाढतायत का याकडे विशेष लक्ष ठेवायला सांगतात, तसं काही जाणवलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. रूममेटच्या उरलेल्या गोळ्या घेऊन बघणं, हे तर लिहायचीही गरज पडू नये, पण पडते.

१२. स्वतःसाठी नाही, मैत्रिणीसाठी किंवा मित्रासाठी जायचं असेल तर

जाता येतं. 'माझ्या मैत्रिणीची काळजी वाटतेय, तिच्याशी कसं बोलू' हे विचारायला सेंटरला फोन केला तर ते सांगतात. ती आधीच तिथे येते का हे मात्र ते तुम्हाला सांगणार नाहीत, हो पण नाही आणि नाही पण नाही. तुम्ही दिलेली माहिती ते ऐकून घेऊ शकतात.

मैत्रिणीला थेट विचारायला घाबरू नका. 'जीव द्यायचे विचार येतायत का' असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडू नका आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. सोबत सेंटरला जा, बंद असेल तर इमर्जन्सीचा मार्ग. 'तू जा ना एकदा' यापेक्षा 'उद्या अकराला मी पण येते, बाहेर बसते' याने माणूस खूप लवकर हलतो.

१३. बंद करताना आणि युनिव्हर्सिटी सोडताना

सेशन बंद करायची असतील तर मेसेज टाकून गायब होण्यापेक्षा एक शेवटचं सेशन घ्या. त्यात काय कामाला आलं, परत बिघडायला लागलं तर पहिली खूण कुठली असेल, आणि तेव्हा पहिल्यांदा काय करायचं हे लिहून घ्या. पुन्हा यायचं झालं तर दार उघडं असतं, फक्त पुन्हा इनटेक करावा लागतो का ते विचारून ठेवा.

डिग्री संपत आली असेल तर शेवटच्या सेमिस्टरच्या मध्यालाच विषय काढा, कारण आयडी बंद झाला की बहुतेक ठिकाणी सेवाही बंद होते आणि नेमका नोकरी, नवीन शहर असा धकाधकीचा काळ तेव्हाच असतो. बाहेरच्या दोन-तीन थेरपिस्टची नावं मागा, कमी फी घेणारे कुणी आहेत का तेही विचारा, आणि नवीन माणसाला द्यायला एका पानाची समरी. गोळ्या चालू असतील तर नवीन डॉक्टरची पहिली अपॉइंटमेंट मिळेपर्यंत पुरेल एवढं प्रिस्क्रिप्शन सायकियाट्रिस्टकडून घेऊन ठेवा. समरी तयार व्हायला वेळ लागतो आणि सुट्टीत सेंटर बंद असतं, म्हणून अर्ज शेवटच्या परीक्षेच्या आधीच टाका.